त्याच्या ताटातलं

तुम्हाला एखादी चांगली जागा कळली, तर ती तुम्ही किती जणांना सांगता? आणि सांगण्याआधी, त्या जागेवर ज्याचं पोट आहे त्याला विचारता का?

मी विचारलं नव्हतं.

आमच्या घरात गोष्ट लपवून ठेवणं कमीपणाचं मानलं जायचं. आजोबा गिरणीत होते, बाबा मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात, आणि दोघेही युनियनचे. माझ्या शाळेच्या वह्यांना खाकी कव्हर कधी मिळालंच नाही. उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू बाहेर ठेवून बाबा कव्हरं घालायचे. वर्गात कंटाळा आला की मी कव्हर उलटं करून आतलं वाचायचे. ‘कामगार बंधूंनो’ हे दोन शब्द मी ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचायला शिकले, असं आई अजून सांगते. त्यातून डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. खरं असेल ते छापायचं आणि वाटायचं. लपवतो तो मालक.

मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. पाण्यासाठी, बसच्या भाड्यासाठी, झाडांसाठी. गोरेगावच्या बाजारात वाटायला उभी राहायचे ती एका मासेवालीच्या शेजारी, कारण तिच्याकडे गर्दी असायची. आई वीस वर्षं तिच्याकडूनच मासे घेते. मी तिला काकू म्हणते. माझी पत्रकं बघून तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “उभी ऱ्हा, पन माझ्या गिऱ्हाइकाच्या हातात कागद कोंबू नको. आधी त्याला म्हावरं घेऊ दे. पोट भरलं का वाचंल.”

काकूला अक्षरं लागत नाहीत. हिशोब तोंडी, आणि तो माझ्यापेक्षा जलद. हे मला माहीत होतं. लक्षात मात्र राहिलं नव्हतं.

काकूचा नवरा, म्हणजे काका, एके काळी मोठ्या बोटीवर जायचा. गुडघा गेल्यापासून त्याला समुद्र झेपेना. आता त्याच्याकडे होती एक लहान होडी आणि गावामागची खाडी. गावाचं नाव या लेखात नाही. का नाही, ते पुढे कळेल. बोरिवली आणि मालाडच्या पश्चिमेला जितक्या खाड्या आहेत, त्यांतली एक समजा. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत काका त्या खाडीत जिताडा हा मोठा मासा गरवायचा, म्हणजे दोरी आणि गळ टाकून पकडायचा, आणि त्या चार-पाच महिन्यांत त्यांचं घर जिताड्यावरच चालायचं. होडी वल्हवत जास्त लांब जाणं त्याला जमत नव्हतं. एकच जागा होती त्याच्या आवाक्यातली.

मी त्या जागेपर्यंत पोचले ते एका मीटिंगमुळे. खाडीच्या काठावर पहाटे डंपर येऊन राडारोडा टाकत होते. आमच्या सोसायटीत त्यावर बोलणं निघालं, तेव्हा वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, “ती खाडी राहिलीय कुठे? गटार आहे ते. मेलेल्या पाण्यात चार ट्रक माती पडली तर कोणाचं काय जातंय?”

मला फार राग आला. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन काकूला सांगितलं. ती कोलंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“मेली? कवा?”

“असं म्हणतात लोक.”

“मयताला मंग मला कसं बोलावलं नाय कोनी,” ती म्हणाली, आणि शेजारच्या दोघी हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पुनवेनंतर दुसऱ्या दिवशी ये. दुपारची. मेलेली कशी जेवते ते बघून जा.”

मी गेले. काकाने मला होडीत बसवलं, माझ्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, “कागद आनलंस काय?”

“नाही.”

“बरं झालं. भिजलं असतं.”

भरती दीड-दोनच्या सुमाराला पूर्ण झाली होती. पाणी तिवरांच्या फांद्यांना टेकलं होतं आणि आता उतरायला लागलं होतं. एक लहान नाळ, म्हणजे तिवरांच्या आतून येणारी पाण्याची चिंचोळी वाट, जिथे मोठ्या खाडीला मिळते, तिथे काकाने चिखलात रोवलेल्या एका खुंट्याला होडी बांधली. त्याआधी आम्ही बरंच पलीकडे, दुसऱ्याच एका नाळेत गेलो होतो. तिथे त्याने पाग टाकला. पाग म्हणजे हाताने गोल फेकायचं जाळं. एकाच फेकीत वीसेक बोयटी आली, बोटापेक्षा थोडी मोठी, रुपेरी. त्यातली आठ त्याने बादलीत ठेवली, बाकीची परत पाण्यात सोडली.

मला हे समजेना. बांधलेल्या होडीच्या अवतीभवतीच बोयट्यांचा अख्खा थवा फिरत होता. पाण्याचा वरचा थर त्यांच्यामुळे थरथरत होता.

“काका, इथेच टाकायचा ना पाग. एवढ्या लांब कशाला गेलो?”

त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, “हितलं त्याचं हाय.”

“कोणाचं?”

“येल आता.”

अर्धा तास काही झालं नाही. पाणी उतरत गेलं तशी तिवरांच्या मुळांत लपलेली बोयटी नाळेतून बाहेर येऊ लागली, कारण मागे राहिली असती तर चिखलात अडकली असती. आणि मग एकदम सगळीच्या सगळी हवेत उडाली. सुपातून तांदूळ पाखडावेत तशी. त्याच क्षणी खालून आवाज आला, ठप्प. लाकडी फळी चिखलावर आपटल्यासारखा. पाण्यावर एक खळगा पडला आणि भरून गेला.

काकाचा चेहरा इतका खूश मी आधी कधी बघितला नव्हता. तो कुजबुजला, “ताट मांडलंय.”

पुन्हा ठप्प. आता डावीकडे. मग दोन एकदम. एक जिताडा नव्हता, तीन-चार होते, आणि ते घाई करत नव्हते. बोयट्यांना ते काठाकडे रेटत होते, थवा दाटला की एक खालून वर यायचा, तोंड उघडायचा, आणि जायचा. काकाने बादलीतलं एक बोयट घेतलं, पाठीच्या पराच्या मागे गळ अलगद ओवला, आणि ते थव्याच्या कडेला सोडलं. मध्ये नाही. दोरी पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली होती, ती त्याने दोन बोटांवर धरली. बोटांना फडकं बांधलेलं, कारण जिताड्याचं कल्ल्यावरचं हाड सुरीसारखं असतं आणि शेवटी होडीत घेताना हात घालावाच लागतो.

दोरी ताणली गेली तेव्हा तो नुसता मागे झुकला. मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, डोकं झटकत, आणि उन्हात त्याचा डोळा तांबडा दिसला. दहा मिनिटांनी तो होडीत होता. माझ्या हाताएवढा लांब. मी ओरडणार होते, पण काकाने आधीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

त्या दुपारी त्याने दोन जिताडे घेतले आणि दोरी गुंडाळली. ठप्प, ठप्प चालूच होतं.

“अजून आहेत की.”

“हायेत. जेवू दे त्यांना.” मग परत जाताना, वल्हं मारत, त्याने मला समजावलं. त्याच्या बापाने त्याला शिकवलेलं. गळाला लावायची बोयटी त्या थव्यातून घ्यायची नाहीत. थव्यावर पाग टाकायचा नाही. आरडाओरडा करायचा नाही. “त्याच्या ताटातलं उचलायचं नाय. तो जेवायला येतो म्हनून आपन जेवतो. ताट उचललंस का तो दुसरीकडं जाल. मला दुसरीकडं जाता येत नाय.”

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. नक्की ऐकलं होतं.

घरी येऊन मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. वर मथळा: ‘खाडी मेलेली नाही. ताट मांडलंय.’ खाली काकाच्या हातातल्या जिताड्याचा फोटो, चेहरा न दाखवता. त्याखाली सगळं तपशिलात, कारण तपशील नसलेलं पत्रक म्हणजे नुसती घोषणा, हे बाबांनी शिकवलं होतं. धक्क्यावरून किती अंतर, कुठल्या बाजूची नाळ, पौर्णिमा-अमावस्येनंतर कितवा दिवस, किती वाजता. हाताने काढलेला नकाशा. शेवटी: ‘सर्व कष्टकरी बंधू-भगिनींनो, या आणि आपल्या डोळ्यांनी बघा.’

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ते मालवणीतच बोलतात. “चांगला लिवलंस गो. धार आसा.” मग, “पन ज्याची खाडी, तेका दाखवलंस?”

“दाखवीन की. छापून आलं की.”

“आमी छापूच्या आधी दाखवायचो,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला. मी तेव्हा फोनवर फोटो बारीक-मोठा करत होते.

पाचशे प्रती छापल्या. शंभर काकूच्या टोपलीशेजारी ठेवल्या. तिने फोटोतले हात ओळखले आणि हरखली. “ह्ये तर आमचं म्हातारं. त्येचा हात काय सुंदर आलाय गो.” आणि मग, जी बाई गिऱ्हाइकाच्या हातात कागद कोंबू देत नव्हती, तिने आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला माशाच्या पिशवीबरोबर तो कागद स्वतः दिला. “आमच्या घरचं छापून आलंय, वाचा,” असं सांगून. मी तिला तो एकदाही वाचून दाखवला नाही. सुचलंच नाही. माझ्या मते तो तिच्याच बाजूचा होता.

पत्रक चाललं. माझं कुठलंच पत्रक इतकं चाललं नव्हतं. लोकांनी फोटो काढून पुढे पाठवले. सोसायटीतल्या त्या गृहस्थांनीही मला लिफ्टमध्ये सांगितलं, “वाचलं. मला कल्पना नव्हती.” डंपर यायचे थांबले, निदान त्या बाजूला. मी बाबांना म्हटलं, बघा.

पुढच्या अमावस्येनंतर नाळेपाशी माणसं आली. मुलुंड, घाटकोपर, कुठून कुठून. कोणी भारीतले रॉड घेऊन, कोणी नुसते बघायला, मुलंबाळं, डबे. लोक चांगले होते. मी त्यांना बोलावलंच होतं. त्यांनी चिखलात उतरून फोटो काढले, बोयटी उडाली की टाळ्या वाजवल्या. काका होडी बांधून बसला आणि दोन तासांनी रिकामा परत गेला. त्यानंतरच्या उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला, कोणीतरी नाळेच्या तोंडावर, या काठापासून त्या काठापर्यंत, बारीक भोकांचं जाळं लावलं. पाणी उतरलं, बोयटी बाहेर यायला निघाली, आणि सगळी त्यात. अख्खं ताट.

पुढच्या दोन्ही उधाणांना जिताडा आला नाही.

मला हे कळलं बाजारात. काकूसमोर गेले तर तिने माझ्याकडे न बघता शेजारणीला विचारलं, “गो, तू वाचतेस ना? ह्या कागदावर काय लिवलंय ते वाच जरा मला.” शेजारणीने माझं पत्रक मोठ्याने वाचायला सुरुवात केली. धक्क्यावरून किती अंतर. कुठल्या बाजूची नाळ. काकू पापलेट कापत होती. वाचून झाल्यावर तिने सुरी पुसली.

“म्हंजे माझ्या नवऱ्याचा पत्ता मीच वाटला,” ती म्हणाली. “शंभर लोकांना. हसत हसत.”

मी म्हटलं, “काकू, माझं चुकलं. मी नवीन पत्रक काढते. कोणी जाऊ नका म्हणून.”

“परत कागद?” आता तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, दमलेली दिसली. “पयल्या कागदानं आले. दुसऱ्यानं इचारतील, का बरं जाऊ नको? असं काय हाय थितं?”

तिचं बरोबर होतं. माझ्याकडे लिहिण्याशिवाय दुसरं हत्यार नव्हतं, आणि तेच चाललं नाही. म्हणून पुढच्या पौर्णिमेनंतर मी नुसती गेले, हात हलवत. जाळं लावलेलंच होतं. काठावर एक चाळिशीचा माणूस बसला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा. मी भांडायच्या तयारीने गेले होते. वाक्यं तयार होती.

मी बोलायच्या आधीच त्याने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून चार घड्या घातलेला माझा कागद.

“हा इथलाच नकाशा ना, ताई? की अजून पुढे आहे? कारण जिताडा काही दिसत नाय.”

“तुम्हाला कुठे मिळाला हा?”

“व्हॉट्सॲपवर आला. मी प्रिंट काढली.” तो मुलुंडला लेथवर होता. वर्कशॉप बंद पडलं, मशीनं विकली गेली. “गळ टाकायला आपल्याला जमत नाय, म्हणून जाळं आणलं. ही छोटी मिळतात तेवढी चाळीत विकतो. कष्टकरी बंधूंनो, या, असं लिहिलंय. ताट मांडलंय, असंपण लिहिलंय. मी म्हटलं कोणीतरी पहिल्यांदाच जेवायला बोलावतंय यार. आलो.”

आयुष्यभर ज्याला ‘बंधू’ म्हणून हाक मारली, तो आला होता, आणि मी त्याला हाकलायला उभी होते.

“ते मीच लिहिलंय,” मी म्हटलं.

“काय सांगता. मस्त लिहिलंय,” तो म्हणाला, मनापासून.

तेवढ्यात काकाची होडी आली. काकाने जाळ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या. काकाने होडी काठाला लावली आणि त्या माणसाला म्हणाला, “ये. बस हितं जरा.”

तो बसला. काकाही शेजारी बसला. पाणी उतरत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

“काय आयकू येतं?” काकाने विचारलं.

“काय नाय. शांत आहे.”

“तेच. ह्या दिसात हितं शांत नसतं.” मग त्याने त्याला सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत. ताट कोणाचं. पाग कुठे टाकायचा. आठ बोयटी घेऊन बाकीची का सोडायची. गुडघ्यावर हात ठेवून हेही सांगितलं की त्याला दुसरीकडे जाता येत नाही. तो माणूस ऐकत राहिला. कागदाची घडी त्याच्या हातात होती, ती तो उघडत आणि मिटत होता.

“हे यात लिहिलं नाय,” तो शेवटी मला म्हणाला.

नव्हतंच लिहिलं. जागा लिहिली, दिवस लिहिला, वेळ लिहिली. काकाने मला परतताना जी एक गोष्ट समजावली होती, ती सोडून सगळं लिहिलं. मला ती तपशिलात धरण्यासारखी वाटली नव्हती. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं होतं.

त्याने आणि मेहुण्याने जाळं सोडलं. आत अडकलेली बोयटी काकाने होडीतून वाकून एकेक करून मोकळी केली, जेवढी जिवंत होती तेवढी. जाताना तो म्हणाला, “आम्ही नाय लावणार परत. पण ताई, उद्या दुसरा कोणी येणार. त्याच्याकडेपण हाच कागद आहे.” काकाने त्याला रिकामं पाठवलं नाही. पलीकडच्या नाळेत नेऊन पाग कसा फेकायचा ते दाखवलं. पहिल्या तीन फेकींत पाग नीट उघडलाच नाही आणि काका पोट धरून हसला.

त्याच्यानंतरच्या उधाणाला मी पुन्हा काकाबरोबर होडीत होते. काठावर दोघे-तिघे होते, फोन हातात धरून नकाशा जुळवत. मी उतरून त्यांच्याशी बोलले, ते गेले. बोयटी होती, पूर्वीच्या मानाने फारच थोडी, विखुरलेली. साडेचार वाजले. पाच वाजले. आणि मग दूर, खाडीच्या पलीकडच्या काठाला, एकदाच, ठप्प.

काकाच्या हातात गळ होता, बादलीत बोयटी होती. त्याने गळ खाली ठेवला.

“टाका ना,” मी म्हटलं.

“एकटाच हाय. चाखून बघतोय,” तो म्हणाला. “त्याला बसू दे आधी.”

आम्ही अंधार पडायच्या आत परतलो. दुसऱ्या दिवशी काकूने बाजारात विचारलं, काय मिळालं? मी म्हटलं, आवाज. तिने पहिल्यांदाच, त्या सगळ्यानंतर, मला बसायला आपला पाट सरकवला.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्याच पाटावर बसून तिला सगळा वाचून दाखवला. तिने दोन वाक्यं काढायला लावली. ती कोणती होती ते सांगणार नाही. बाबा म्हणाले, आता बरोबर केलंस. मी अजूनही पत्रकं लिहिते, आणि अजूनही मानते की खरं ते छापावं. फक्त ज्याचं खरं आहे, त्याला आधी वाचून दाखवते.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आत्ता, हा लेख मिटण्याआधी, फोन उघडा. कोणीतरी पाठवलेला एक फोटो त्यात असू शकेल: पिवळसर कागद, मासा धरलेले दोन सुरकुतलेले हात, वर ‘ताट मांडलंय’ आणि खाली हाताने काढलेला नकाशा. तो पुसून टाका. ज्याने पाठवला त्यालाही पुसायला सांगा. तो नकाशा मीच काढला होता. तो तुमच्या फोनमधून जाईल तेवढाच जाईल, माझ्या हातात आता काही नाही.